गरोदर ताईंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी सूचना

सर्व सदस्य भगिनींना नमस्कार. पाऊस लागला, कूलर बंद झाले, पण टाकीतलं पाणी कित्येक घरी अजून तसंच आहे. आजच उपसा. नुसतं ओतून चालणार नाही. टाकीच्या कडा घासून काढा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

गरोदरपणी डेंग्यू झाला तर बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं, प्लेटलेट्स उतरल्या असतील तर प्रसूतीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेवटच्या दिवसांतला ताप बाळालाही लागू शकतो. म्हणून सासूबाईंनो, "एक दिवस बघू" असं म्हणू नका. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन नको. ॲस्पिरिन आधीपासून सुरू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो, पण खरी काळजी तेव्हाच घ्यायची. पोटात जोराचं दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच नागपुरातलं डागा, मेयो किंवा मेडिकल यांपैकी एखादं सरकारी रुग्णालय गाठा. १०२ ची गाडी मोफत आहे.

पाणी उकळूनच प्या, बाहेरची पाणीपुरी सध्या नको. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवू नका.

ज्यांचा बाळाचा विचार चालू आहे त्यांनी रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) लसीबद्दल आधीच विचारून घ्यावं. ती गरोदरपणी देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान महिनाभर थांबावं लागतं.