तीन टक्के जमिनीचा अर्धा हिशेब

संपादक महोदय,

सोव्हिएत शेतीवरील आपल्या लेखात, कोलखोझमधल्या (सामुदायिक शेतीतल्या) कुटुंबांच्या खासगी तुकड्यांनी 3 टक्के जमिनीत देशाचे सुमारे पाव कृषी उत्पादन काढले, असे म्हटले आहे. आकडे ढोबळमानाने खरे आहेत. म्हणून खासगी शेतकरी आठपट कार्यक्षम, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

कोलखोझच्या 1935च्या नमुना नियमावलीनुसार बहुतेक भागांत कुटुंबाला पाव ते अर्धा हेक्टर, म्हणजे साधारण 25 ते 50 गुंठे जमीन मिळे. त्यावर एक गाय, दोन वासरे, एखाद-दुसरी डुकरीण, दहापर्यंत शेळ्या-मेंढ्या पाळता येत, कोंबड्या कितीही. आता त्या एका गाईचा हिवाळा मोजा. मध्य रशियात गुरे सहा-सात महिने गोठ्यात बांधून असतात. रोजचे 10 किलो वाळलेले गवत धरले, तरी दोन टन लागते. बटाटे आणि कोबी लावलेल्या 25 गुंठ्यांत ते कुठून निघणार? ते सामुदायिक कुरणातून येई. काही कापणीच्या मोबदल्यातला वाटा, काही कोलखोझच्या अध्यक्षाच्या मर्जीने, उरलेले अंधारात उचललेले. म्हणजे दूध खासगी रकान्यात आणि चाऱ्याची जमीन कोलखोझच्या! कोलखोझवरच्या कामाचे दिवस भरले नाहीत तर चराई बंद करण्याची धमकीही याच दुव्यामुळे चाले.

शिवाय कोलखोझकडे धान्य, कापूस, बीट. परसात दूध, अंडी, भाजीपाला. हेक्टरी मूल्यात फरक पडणारच. म्हाताऱ्या माणसांचे श्रम तर कुणी मोजतच नसे.

हा दुवा न ओळखता वरून हुकूम निघत. सरकारी दुकानातला पाव इतका स्वस्त होता की लोक तोच डुकरांना घालत. ऑगस्ट 1956मध्ये त्यावर बंदी आली, पावाचा भाव मात्र तसाच राहिला. 1959मध्ये रियाझान प्रांताने सरकारला द्यायचा मांसाचा कोटा तिप्पट करण्याचे वचन दिले आणि ते पाळण्यासाठी घराघरांतली जनावरे पावत्या देऊन गोळा केली. दुभती आणि पैदाशीचीही कापली गेली, आणि पुढच्याच वर्षी पुरवठा कोसळला.

तुलना करायचीच तर एकाच पिकाची करावी. बटाट्याचे निम्म्याहून अधिक उत्पादन परसांतून येई, तिथे ती बरीचशी रास्त ठरेल. अर्थात त्या वाफ्यांतले शेणखत कोणाच्या गवताचे, हे तेव्हाही विचारावे लागेल.

– एक वाचक