टँकमधला मासा ‘गायब’ होतो तेव्हा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डोंबिवली-कल्याण परिसरात घरोघरी जाऊन फिश टँकची देखभाल करणे हा माझा व्यवसाय. “ताई, आमचा एक मासा दिसतच नाहीये,” असे फोन मला नेहमी येतात. मग कुणीतरी म्हणतं, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, आणि त्याच्या जागी नवा मासा आणून सोडतात. त्याहून वाईट म्हणजे घरकामाच्या मावशींवर नाहीतर घरातल्या लहान मुलावर आळ येतो. म्हणून हे पत्र.

एका घरी एंजल माशांच्या जोडीसोबत निऑन टेट्रा हे इवलेसे मासे ठेवले होते. निऑन कमी कमी होत चालले आणि काच पुसणाऱ्या मावशींची उलटतपासणी सुरू झाली. मी मुद्दाम दिवेलागणीनंतर गेले, मावशींनाही थांबायला सांगितलं. टँकचा दिवा बंद केला. अंधारात निऑनचा निळा पट्टा फिका पडतो, तसा पडला, आणि ते झाडांच्या बुडाशी विसावले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मोठा एंजल तोंड खाली करून संथपणे तिकडे गेला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर त्याच्या ओठांतून इवलीशी शेपटी बाहेर आलेली. घरच्यांनी तिथल्या तिथे मावशींची माफी मागितली, याचं मला आजही समाधान आहे.

एंजल मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. विकत घेताना तो नाण्याएवढा असतो, वाढला की तळहाताएवढा होतो. ऑस्कर तर फूटभर वाढतो. ‘शार्क’ म्हणून जी पिल्लं विकली जातात, त्यांतली पुष्कळशी पंगासची असतात. हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळतो तोच हा मासा, आणि तो मीटरभराहून मोठा होऊ शकतो. तोंडात मावेल तो मासा यांच्यासाठी खाद्यच.

प्रत्येक वेळी शिकारच झालेली असते असंही नाही. आपल्याकडच्या उबदार पाण्यात मेलेला छोटा मासा झपाट्याने कुजतो. बाकीचे मासे आणि गोगलगाई रातोरात त्याचा फडशा पाडतात. अशक्त मासा फिल्टरच्या तोंडाशी ओढला जाऊन तिथेच चिकटतो. त्या तोंडावर स्पंज बसवला की हा धोका टळतो. सापासारखा बारीक कुली लोच मासा खडीत शिरून बसतो, काचेला चिकटून राहणारा सकर मासा शोभेच्या किल्ल्यात घुसून कधी कधी अडकतो. म्हणून किल्ला उचलून आत बघा, पण हलक्या हाताने.

आणि मासे उडी मारतात. गप्पी, गुरामी, स्वोर्डटेल, सगळेच. नव्या टँकमधल्या पहिल्या रात्री, कुणी पाठलाग केला तर, किंवा वीज जाऊन पंप बंद पडला आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर. वायरसाठी झाकणाला ठेवलेली फट त्यांना पुरते. अशा वेळी मी आधी जमिनीवर मुंग्यांची रांग शोधते. बहुतेकदा ती स्टँडच्या मागे जाते आणि तिथे मासा सुकटासारखा वाळलेला सापडतो.

शोध घ्यायचाच, कारण टँकमध्ये कुजणाऱ्या माशातून अमोनिया सुटतो. पाणी नितळ दिसतं, वासही येत नाही, आणि दोन-चार दिवसांत बाकीचे मासे वर येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र आधी औषधाने घालवा. एक दिवस खाद्य देऊ नका. आणि कारण कळेपर्यंत नवा मासा आणू नका.

शोभेच्या माशांच्या विक्रीसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये नियम आणले आणि त्याच वर्षी मागेही घेतले. ते नियम कसे होते हा वेगळा विषय. पण प्रत्येक दुकानदाराने टँकवर भावाच्या पाटीशेजारी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, आणि त्याच्यासोबत कोणते मासे ठेवू नयेत. यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. ग्राहकांनीही पैसे देण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळालं नाही तर मासा घेऊ नये.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)