इशिगुरो म्हणजे फक्त 'क्लारा' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख वाचला. त्यात काझुओ इशिगुरो यांची ओळख 'यंत्रमानवावर कादंबरी लिहिणारे नोबेल विजेते' एवढ्यावरच उरकली आहे. ती कादंबरी, 'क्लारा अँड द सन', २०२१ची, नोबेल २०१७चे आणि पहिली कादंबरी १९८२ची. मधली पस्तीस-चाळीस वर्षे हा माणूस काय करत होता, याचा लेखात पत्ताच नाही.

जन्म नागासाकीचा, १९५४चा. वडील समुद्रशास्त्रज्ञ, त्यांच्या नोकरीपायी पाच वर्षांचा मुलगा इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. तरी पहिल्या दोन्ही कादंबऱ्यांना पार्श्वभूमी युद्धोत्तर जपानची. त्यातली १९८६ची 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' मला सर्वांत जवळची वाटते. धाकट्या मुलीचे लग्न जमत नाही. एक स्थळ आधीच फिसकटलेले. आता नव्या स्थळाकडचे लोक चौकशी करणार, म्हणून चित्रकार बाप, ओनो, धास्तावलेला. युद्धकाळात त्याने सत्तेसाठी प्रचारचित्रे काढली होती, आपल्याच शिष्याची माहिती अधिकाऱ्यांना पुरवली होती. शेवटी बघण्याच्या कार्यक्रमातच तो सगळ्यांसमोर आपल्या चुका कबूल करतो. पुढे थोरली मुलगी अगदी अदबीने सांगते की, बाबा, तुम्ही हे का बोललात ते आम्हाला कळलेच नाही. तुम्ही तर साधे चित्रकार होतात. गुन्हेगार म्हणून का होईना, आपण मोठे होतो, हा ओनोचा आधारही तिथे गळून पडतो. हे मराठी घरातही घडू शकेल.

'द रिमेन्स ऑफ द डे'मधला बटलर स्टीव्हन्स ओनोच्याच कुळातला. वर खोलीत वडील मरणपंथाला लागलेले असताना तो खाली पाहुण्यांना मद्य देत राहतो. मालकाने सांगितले म्हणून दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढतो. या कादंबरीला १९८९चे बुकर मिळाले. १९९३च्या चित्रपटाच्या निर्मात्यांत आपले मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट होते. चित्रपट देखणा आहे, पण स्टीव्हन्स स्वतःशीच जी सारवासारव करत राहतो, ती पडद्यावर पुरती उतरत नाही.

'नेव्हर लेट मी गो'मधली (२००५) कॅथी आणि तिच्यासोबतची मुले तर अवयव काढून घेण्यासाठीच जन्माला घातलेली. 'ही मुले पळून का जात नाहीत?' असे वाचक विचारतात. स्टीव्हन्स तरी कुठे नोकरी सोडतो? त्यामुळे आजारी मुलीच्या सोबतीला विकत घेतलेली, उन्हावर चालणारी क्लारा मला तंत्रज्ञानाबद्दलचे भाकीत वाटत नाही. निमूट चाकरी करणाऱ्यांच्या रांगेतले ते नवे पात्र आहे, इतकेच. लेखकाने तिला यंत्र केले, कारण माणसाच्या आज्ञाधारकपणाकडे आपण कानाडोळा करतो.

सगळेच लेखन असे सुबक नाही. १९९५ची 'द अनकन्सोल्ड' लांबलचक आणि दमछाक करणारी आहे. मला ती नेटाने वाचावी लागली. लेखकाने स्वतःची घडी मोडून पाहिली, हे मात्र मानायला हवे.

पुरवणीत जागा असेल तर ओनोवर कोणाकडून तरी सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली