मेंदू नसलेल्या त्या फाइलबद्दल

प्रिय ताई,

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तू मला एक फाइल दिली होतीस. “कुठला डेटा ते विचारू नकोस. तुझा कोड जसाच्या तसा यावर चालव,” एवढंच म्हणालीस.

त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. स्मृतीवरच्या माझ्या एफएमआरआय (रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचं काम टिपणारं स्कॅन) प्रयोगात लक्षात राहिलेल्या आणि विसरलेल्या शब्दांमधला फरक हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागात, लख्ख दिसत होता. तुझ्या फाइलवरही तसाच फरक आला, म्हणून मी आनंदाने धावत आले. तेव्हा तू सांगितलंस, की त्या फाइलमध्ये मेंदू नव्हताच. संगणकाने निर्माण केलेले यादृच्छिक आकडे होते.

मग शेजारी बसवून तू माझाच कोड मला वाचायला लावलास. ज्या व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनमधल्या मेंदूच्या छोट्या ठोकळ्यांमध्ये) फरक सर्वांत जास्त, ते मी आधी निवडत होते आणि त्याच डेटावर त्यांच्यातला फरक पुन्हा मोजत होते. निवडच अशी, की फरक येणारच! बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला होता. एकाच वेळी हजारो तुलना करताना योगायोगाने येणाऱ्या फरकांसाठी दुरुस्ती केली नाही, तर त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसते, हे त्यांनी दाखवलं. हे उदाहरण मला तोंडपाठ होतं. योगायोगाने वर आलेले आकडे माझ्या कोडमध्ये मात्र मला ओळखता आले नाहीत.

स्वतःचा प्रबंध सादर करायच्या धावपळीत तू तीन संध्याकाळी मला दिल्यास. स्कॅनच्या अर्ध्या फेऱ्यांवरून व्हॉक्सेल निवडायचे, उरलेल्या अर्ध्यांवर मोजायचं. फरक शून्याजवळ येऊन बसला. मी रडले, आणि तू समजूत न घालता पुढच्या प्रयोगाचा आराखडा उघडलास. किती जण, कुठला भाग, कुठली दुरुस्ती, हे सगळं पहिला माणूस स्कॅनरमध्ये जाण्याआधी लिहून नोंदवायला लावलंस. आणि कच्चा सिग्नल डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही तुझी सक्ती. मेंदूचा भाग कामाला लागल्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा प्रतिसाद शिखरावर यायला पाच-सहा सेकंद घेतो, हे तेव्हा पहिल्यांदा मी पुस्तकाबाहेर पाहिलं. तुझी ती फाइल नुसती उघडून बघितली असती, तरी मला सगळं कळलं असतं.

या महिन्यात माझी मौखिक परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारलं, “म्हणजे फरक नाही?” मी म्हटलं, “नाही असं म्हणता येणार नाही. एवढ्या जणांमध्ये, या पद्धतीने तो आढळला नाही.” वाक्य तुझं होतं. त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

तुझी धाकटी लॅबमेट