पैसे कमी पडले म्हणून नाही, टोकियोला गेला म्हणून

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'द टॉक्सिक अ‍ॅव्हेंजर' या रक्तबंबाळ विनोदी अमेरिकन पिक्चरच्या दुसऱ्या भागावर वाचकांच्या प्रतिक्रिया आल्यात त्या वाचल्या आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. एकजण म्हणतो असले पिक्चर बंदच करा, दुसरा म्हणतो इतका टुकार आहे की मजा येते, आणि निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, बजेट नव्हतं म्हणून पिक्चर फसला. हे शेवटचं मला अजिबात पटलेलं नाही. मी न्यू जर्सीत तेवीस वर्षं राहतो आणि या पिक्चरमधलं ट्रोमाव्हिल नावाचं गाव याच न्यू जर्सीतलं दाखवलंय, त्यामुळे माझा बोलायचा थोडा हक्क बनतो असं समजा.

पहिला भाग १९८४चा. लॉइड कॉफमन आणि मायकल हर्झ या दोघांच्या ट्रोमा कंपनीने काढलेला, आणि त्याला पैसे दुसऱ्यापेक्षाही कमी होते. हेल्थ क्लबात फरशी पुसणारा मेल्विन नावाचा हाडकुळा पोरगा, सगळे त्याची टर उडवतात, पळता पळता तो केमिकल कचऱ्याच्या पिंपात पडतो आणि बाहेर येतो तो हिरवट, वाकड्या तोंडाचा पहिलवान होऊन, हातात तोच फरशी पुसायचा मॉप. बास, एवढीच गोष्ट. त्यात गाडीखाली एका पोराचं डोकं चिरडतं तो सीन बघून लोक आजही किंचाळतात, पण ते डोकं म्हणजे एक खरबूज, आत लाल पाक भरलेला आणि वरून केसांचा टोप. म्हणजे खर्च किती, तर एक फळ! आणि तो सीन चाळीस वर्षं लोकांच्या लक्षात आहे. मग पैशाचं कुठे अडलं सांगा.

लोक तेव्हा का हसले हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. न्यू जर्सीत अमेरिकेतली सगळ्यात जास्त सुपरफंड ठिकाणं आहेत, म्हणजे विषारी कचऱ्याने इतकी नासलेली जागा की सरकारला स्वतः लक्ष घालून साफ करायला लागते. १९८३ साली इथल्याच नेवार्क शहरातल्या एका जुन्या कारखान्यात डायॉक्सिन नावाचं जहाल विष सापडलं, पॅसेइक नदीच्या काठावर, आणि पुढच्याच वर्षी हा मॉपवाला पडद्यावर आला. इथल्या लोकांना ती पिंपं काही परग्रहावरून आलेली वाटली नाहीत. रोजच्या पेपरातला राग होता तो, फक्त रबरी मुखवटा घालून आलेला.

आता दुसरा भाग. फेब्रुवारी १९८९. सुरुवात झकास आहे हो, अपोकॅलिप्स नावाची केमिकल कंपनी ट्रोमाव्हिल गिळायला बसलेली, अंधांची संस्थाच उडवून देते. इथे एक खासगी गोष्ट सांगतो. मी भोपाळच्या वेळी शाळेत होतो, आणि हा भाग थेटरात लागला त्याच महिन्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने भोपाळचा ४७ कोटी डॉलर्सचा समझोता केला होता. हे मला नंतर तारखा जुळवताना लक्षात आलं. त्यामुळे त्या कंपनीचे सूटवाले अधिकारी मॉपने मार खातात तेव्हा माझ्या शेजारचा गोरा मित्र गंमत म्हणून हसतो आणि मी वेगळ्याच कारणाने हसतो, सीन एकच असला तरी. तुमच्याकडे 'हे असलं बघून हसणारे विकृत' असं ज्यांनी लिहिलंय त्यांना एवढंच सांगायचंय की हसणारे सगळे एकाच गोष्टीला हसत नसतात.

पण मग पिक्चर करतो काय, तर हिरोला बापाच्या शोधात टोकियोला पाठवतो. तेही कसं, तर शिडाच्या फळीवर उभा राहून समुद्र ओलांडत! इथपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. जपानात माशाच्या आकाराचा केक भाजतात ना, त्या साच्यात एकाचं नाक दाबतो, एकाला गरम पाण्याच्या हौदात सूपसारखा शिजवतो, हे सगळं भन्नाट आहे, डोकं बाजूला ठेवून बघायचं. पण त्याच्या मधेमधे नुसतं टोकियो आहे, रस्ते आहेत, दुकानं आहेत, आपले लोक परदेशात गेले की व्हिडिओ काढतात ना 'हे बघा बस, हे बघा अजून एक बस', तसलं. शूटिंग इतकं झालं की त्यातून त्याच वर्षी तिसरा भागपण निघाला. एका पातेल्यातली आमटी पाणी घालून दोन पंगतींना वाढली, चव कुठून राहणार! (तुमच्या पुरवणीत दोन्ही भागांची गोष्ट एकत्र झालीय, तो सैतानाशी करार वगैरे तिसऱ्यातला आहे, जमलं तर दुरुस्त करा.)

आणि हे मीच म्हणतोय असं नाही. २०००साली चौथा भाग आला तेव्हा सुरुवातीच्या निवेदनातच, तेही मार्वल कॉमिक्सवाल्या स्टॅन लीच्या आवाजात, मधले दोन्ही भाग झटकून टाकलेत आणि हाच खरा सीक्वेल म्हणून सांगितलंय. बनवणाऱ्यानेच हात वर केले म्हटल्यावर प्रेक्षकांनी कशाला भांडायचं.

आमच्याकडे मागच्या सप्टेंबरात हा दुसरा भाग बघायचा बेत झाला. त्याचं कारण याच हिरोचा नवीन पिक्चर, पीटर डिंकलेज या नटाचा, जो २०२३ला फेस्टिव्हलमध्ये दाखवून दोन वर्षं अडकला होता आणि ऑगस्ट २०२५मध्ये इथे थेटरात लागला. त्यात फरशी पुसणाऱ्याला जीवघेणा आजार होतो आणि इन्शुरन्स पैसे देत नाही. ते बघताना थेटरात आम्ही अकरा माणसं होतो पण त्या सीनला जो हुंकार आला तो शंभर माणसांचा वाटला, कारण इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर तासन्तास कोण बोललं नाहीये इथे. पोराला जुने भाग बघायचे होते म्हणून मग बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लावला, त्याचे तीन मित्र, आमचे शेजारी, चिवडा, आणि आई. आई मालवणहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला आम्ही सांगितलं होतं की तू वर बस, यात रक्त आहे. ती चहाचा ट्रे घेऊन खाली आली आणि पडद्यावर तो हिरवा बाबा एकाचा हात उपटत होता. पोरं गप्प, मला घाम. आई ट्रे ठेवून नीट बघत म्हणाली, "ह्यो तर आपलो संकासूर रे! मानेकडे रबर दिसता त्याच्या," आणि बसलीच.

ज्यांना कोकणातलं दशावतारी नाटक माहीत नाही त्यांना सांगतो, संकासूर म्हणजे त्यातला राक्षसच, काळा पायघोळ अंगरखा, तोंडावर काळं फडकं, पण तो आला की पोरंटोरं घाबरतात आणि मोठी माणसं खो खो हसतात. मुखवटा खोटा आहे हे सगळ्यांना दिसत असतं, आणि दिसतं म्हणूनच मजा असते. आईला पहिल्या दोन मिनिटांत जे कळलं ते तुमच्या प्रतिक्रियांमधल्या बऱ्याच जणांना कळलेलं नाही. तिने मानेवरची शिवण बघितली आणि ती खूश झाली. मारामारी संपेपर्यंत ती पोरांपेक्षा जास्त हसत होती.

टोकियो सुरू झालं आणि वीस मिनिटांत ती खुर्चीतच झोपली. परवा मालवणहून फोन आला, दोन मिनिटं पाऊस, भात, गुडघे, आणि मग हळूच विचारते, "त्याका बापूस गावलो काय रे?"

गावला म्हटलं.

आपला,
एक जुना वाचक, एडिसन, न्यू जर्सी