इच्छाशक्ती राहू द्या, त्या जाहिरातीचं बोला

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पुरवणीतला दारूवरचा लेख वाचला. उतावळा माणूस का पितो, काळजी करणारा का पितो, सगळं पटलं. पण शेवटी काय, तर "इच्छाशक्ती हवी"! अहो, अख्खं पान खर्च केलंत आणि गोळ्यांवर एक ओळ नाही? दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी अमेरिकेत १९९४ पासून दारूच्या व्यसनासाठी मान्य आहे, आपल्याकडचे सायकियाट्रिस्टही देतात. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यातच आहे, एक फोन करून विचारायचं तरी.

आणि त्याच पुरवणीत मागच्या पानावर छोटी जाहिरात, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा". वा!

चिडून लिहितेय कारण हे आमच्या घरात झालंय. धाकट्या जावेने कुणाचं तरी ऐकून डायसल्फिरामची गोळी कुटून दिराच्या वरणात घातली, त्याला पत्ताच नाही, संध्याकाळी हा मित्रांबरोबर बसला आणि दुसरा पेग संपायच्या आत तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली, मित्रांना वाटलं अटॅकच आला. थेट आयसीयू. डॉक्टर जावेला जे काय बोलले ते इथे छापता येणार नाही. ही गोळी दारूचं पचन अर्ध्यात अडवते, मग ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन अंगात साचतं, म्हणून पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. चोरून दिली तर जीवही जाऊ शकतो.

दिराला इच्छाशक्ती कमी नाही हो. पहाटे सिंहगड चढणारा, ढोलपथकात ताशा फोडणारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीत किक लागते. पुढे लिव्हरची टेस्ट करून त्याला नाल्ट्रेक्सोन सुरू केलं, तर म्हणायचा, "वहिनी, दारू घेतली तरी मजाच येत नाय." हळूहळू कमी झाली. शेजारचे काका मात्र चारचौघांत बोलायची धास्ती म्हणून घ्यायचे, त्यांना याच गोळीचा काडीचा फरक पडला नाही, आधी त्या धास्तीवर उपचार झाले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एकाच्या स्वभावाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडेलच असं नाही, हे लेखात यायला हवं होतं.

जाहिरात विभाग वेगळा असतो, हे उत्तर देऊ नका, पेपर एकच आहे ना?

आणि बुधवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

नाव छापू नये, दीरही तुमचाच पेपर घेतो.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे