कळशीभर पाण्याबद्दल

मावशी,

सप्टेंबरात तुमच्या रानात विमान घेऊन पडलेला पोरगा, तो मी. फोनवर तीनदा आभार मानायला गेलो आणि तिन्ही वेळा तुम्ही "जेवलास का?" विचारून विषय बदललात. म्हणून लिहून काढतोय. तेही चारचौघांत, कारण त्या दिवशी चारचौघांत जे घडलं ते तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळलंच नाही.

आधी विमानाचं. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "बंद कसं पडलं रं?" आणि मला धड बोलता येत नव्हतं.

ते सेस्ना 152. दोन माणसांचं, 110 हॉर्सपॉवरचं, म्हणजे गावातल्या पन्नासच्या ट्रॅक्टरच्या दुप्पट. त्या दिवशी मी एकटाच होतो. 61 तास उडवून झाले होते, कमर्शियल लायसनला 200 लागतात. ढग खाली आले होते, म्हणून मी इंजिन कमी करून हळूहळू उतरत परत निघालो होतो. हवा कोंदट, सगळीकडे ओल. काट्यावर इंजिनाचे फेरे कमी दिसायला लागले. मी थोडं वाढवलं. परत कमी झाले.

कार्बुरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं तिथं, बर्फ धरला होता.

हे सांगितलं तर सगळे हसतात. भादव्यात बर्फ? मुंबईत ज्या क्लासला मी परीक्षेच्या अभ्यासासाठी जात होतो, तिथले सरसुद्धा हसले होते. "हा धडा थंड देशांतला, आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? पाठ करा आणि पुढे चला." आम्ही पाठ केलं आणि पुढे गेलो. मावशी, फोनवर हेच तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही अर्धा मिनिट गप्प होतात आणि मग म्हणालात, "म्हंजे माठागत?" हो, माठागतच. माठातून पाणी पाझरून उडून जातं आणि आतलं गार होतं. तसंच पेट्रोल कार्बुरेटरमध्ये उडतं, त्यात हवा अरुंद गळ्यातून ओढली जाते, आणि आतलं तापमान तीस-तीस अंशांनीही खाली येतं. बाहेर 26 अंश असले तरी आत हवेतली ओल गोठते. इंजिनाचा गळाच आवळला जातो. कोरड्या डिसेंबरातल्या गारठ्यापेक्षा आपला ओला भादवाच याला जास्त पोषक. सरांना दोन तासांत जमलं नाही ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत.

यावर उपाय असतो. एक खटका ओढला की इंजिनाची गरम हवा आत जाते आणि बर्फ वितळतो. मी तो ओढला. पण वितळलेलं पाणी इंजिनात जातं तेव्हा ते आधी जास्तच खोकतं, थडथडतं. त्या थडथडीला घाबरून मी खटका परत आत ढकलला. ती चूक माझी, ती मी सरांच्या माथी मारत नाही. अर्धा मिनिट धीर धरला असता तर तुमची-माझी गाठ पडली नसती.

लोकांना वाटतं इंजिन गेलं की विमान दगडासारखं कोसळतं. तसं नसतं, घारीसारखं उतरत राहतं. जमिनीपासून अडीच हजार फुटांवर होतो, म्हणजे हाताशी चार मिनिटंसुद्धा नाहीत. पंखा वाऱ्यानं नुसता फिरत होता आणि दाराच्या फटीतून शिट्टी वाजत होती. ती शिट्टी मला अजून ऐकू येते. आई कुकर लावते तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

वरून ऊस हिरवळीसारखा मऊ दिसतो. त्यात उतरायचं नाही हे शिकवलेलं होतं, तो पुरुषभर उंच असतो. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, आणि दोन खांबांमध्ये तार असणारच हे आपण धरून चालायचं. मग तुमचं रान दिसलं. काळं, मोकळं, कुळवलेलं, लांबट. शाळूसाठी ठेवलेलं. बाकीचं मला सलग आठवत नाही. मागची चाकं टेकली, नाकाचं चाक ओल्या काळ्या मातीत घुसलं आणि मोडलं, पट्टा खांद्यात रुतला, आणि मग सगळं शांत. काचेवर चिखल. दार मी आधीच उघडून ठेवलं होतं. बाहेर आलो आणि उभा राहिलो, इतकंच.

माझ्या लक्षात आलं नव्हतं. पायांना ऊब लागली तेव्हा कळलं.

एकवीस वर्षांचा मुलगा, खांद्यावर पट्ट्या, खिशाला काळा चष्मा, आणि खाकी पँट पुढून गुडघ्यापर्यंत ओली. बांधावरून पाच-सहा पोरं पळत येत होती. मला वाटलं मदतीला. पहिल्यानं दहा पावलांवरून मोबाईल समोर धरला. दुसऱ्यानं पंखाला हात लावून सेल्फी काढली. तिसरा ओरडला, "कॅमेऱ्याकडं बघ की, पायलट!" लागलंय का, असं एकानंही विचारलं नाही. मी हातांनी झाकायला गेलो, तर तेच जास्त दिसायला लागलं.

तुम्ही शेजारच्या रानात खुरपायला आलेल्या बायकांसाठी पाणी घेऊन निघाला होतात. पदर खोचलेला, कमरेवर पितळेची कळशी. पळत नव्हतात, झपझप चालत आलात. माझ्या तोंडाकडे पाहिलंत, मग खाली पाहिलंत. मला वाटलं आता मेलो. आणि तुम्ही ती भरलेली कळशी उचलून माझ्या कमरेपासून खाली ओतलीत. सगळी. बूट भरेपर्यंत. आणि शिवार दणाणेल अशा आवाजात ओरडलात, "पेट्रोल सांडलंय पोराच्या अंगावर! सरा मागं, भाजून मराल! बंद करा ते मोबाईल!"

पोरं अशी पळाली की एकाची चप्पल तुमच्या ढेकळातच राहिली.

मला खरंच वाटलं की तुमचा गैरसमज झालाय. मी सांगायलाही लागलो, की पेट्रोल नाही हो मावशी, टाक्या वर पंखात असतात आणि त्या… तुम्ही रिकामी कळशी परत कमरेवर घेतलीत आणि हळूच म्हणालात, "गप. आता कुणाला कळत न्हाय."

तेव्हा मी रडलो. पडताना नाही, उतरताना नाही, तेव्हा.

त्यानंतर तुम्ही मला बांधावर बसवलंत. कडबनवाडीला 2022 च्या जुलैत पडलं होतं तसलंच का हे, असं विचारलंत. ते विमान उडवणारी पोरगी वाचली होती, तूही वाचलास, म्हणालात. तुमच्या रानाचं मी वाटोळं केलं म्हटल्यावर म्हणालात, "पेरायच्या आधी आलास ते बरं झालं." मला वाटतं इतकं हिशेबी आणि इतकं मायेचं वाक्य मला आजवर कुणी बोललेलं नाही. तेवढ्यात आमच्या ऑफिसातून फोन आला. पहिला प्रश्न काय होता, आठवतं? तुम्ही शेजारीच होतात. "पंखा वाकलाय का?" दुसरा, "फोटो कुणी काढलेत का?" माझी चौकशी तिसरी की चौथी आली. त्यांचाही नाइलाज असेल, विमान महाग असतं. पण तुम्ही फोनकडे असं पाहिलंत की मी तो बंद करून खिशात ठेवला.

आता गंमत ऐका. चौकशी झाली. समोरच्या साहेबांनी कागद चाळत विचारलं, "साक्षीदार म्हणतात पायलटच्या कपड्यांवर इंधन होतं. टाक्या शाबूत आहेत, गळती कुठेच नाही. मग हे इंधन आलं कुठून?" तुमच्या नातवानं तर छातीठोक सांगितलं होतं की मला लांबूनच वास आला.

खोलीत चौघं होते. तुमची युक्ती मोडायची माझी इच्छा नव्हती. पण हो म्हटलं असतं तर त्यांनी नसलेली गळती शोधत विमानाचा स्क्रू न् स्क्रू उकलला असता. मी खाली बघून सांगितलं, "सर, ते पेट्रोल नव्हतं. पाणी होतं. एका बाईंनी ओतलं." "का?" मी कारण सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, टोपण परत काढलं आणि म्हणाले, "ठीक आहे. हवामानाचं बोलू." एक अक्षर लिहिलं नाही. ते जाताना मी त्यांच्याही पाया पडणार होतो, पण युनिफॉर्ममध्ये ते बरं दिसलं नसतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. 15 जानेवारी 2009, न्यूयॉर्क, पक्षी धडकून दोन्ही इंजिनं बंद पडलेलं मोठं विमान कॅप्टन सलेनबर्गरनं हडसन नदीवर उतरवलं, 155 च्या 155 माणसं वाचली. मीही ती पोरांना रंगवून सांगायचो. हल्ली मला त्यातले फेरीबोटवाले आठवतात. आपली रोजची फेरी सोडून ते बोटी वळवून गेले आणि पंखावर कुडकुडत उभ्या असलेल्या माणसांना त्यांनी वर ओढून घेतलं. त्या बोटींवर कोण कोण होतं हे मला सांगता येत नाही, आणि मी स्वतःला त्या गोष्टीतला तज्ज्ञ समजत होतो. चांगुलपणा असाच आपलं चालू काम सोडून येतो बहुतेक. तुमच्या बायका त्या दिवशी तहानलेल्या राहिल्या असतील, हेही मला आठ दिवसांनी सुचलं.

मी परत उडायला लागलोय. गरम हवेचा खटका ओढला की इंजिन खोकतं, आणि मी तो ओढूनच ठेवतो, मनात तुमचं "गप" म्हणत. त्यानं हात जागेवर राहतो.

हुरड्याला बोलावलंय, येतोय. नाकाचं चाक रुतलं होतं तिथला शाळू ठेंगणा राहिलाय म्हणालात, तो मला दाखवा.

आणि हे पत्र तुम्हाला तुमचा नातूच वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. वास आला होता म्हणणारा. मधेच कुठंतरी तो थांबेल. थांबू दे त्याला जरा. मग पुढचं वाच म्हणा.

तुमचा,
रानातला